न घेतलेला कोंबडा

तातूने मला बसमध्ये चढवतानाच सुरुवात केली. "अगं हमालांच्या नाती, खिडकीशी बस. तुझ्या आज्याने हा सगळा रस्ता पायी तुडवला, खांद्यावर हस्तिदंत घेऊन. तू निदान बूड टेकून तरी जा."

"माझा आजा ओझं तरी वाहायचा," मी म्हणाले. "तुझा आजा झाडाखाली आडवा पडून नारळ पडायची वाट बघायचा. तोही सोललेला."

अख्खी बस हसली. परक्या माणसाला वाटलं असतं, या दोघी आता एकमेकींच्या झिंज्या उपटणार. पण तातू झारामो आणि मी न्यामवेझी. आमच्या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं आहे, आणि अशा नात्यातल्या माणसाला आमच्याकडे म्तानी म्हणतात. म्तानीने काहीही बोलावं, समोरच्याच्या ताटातला मासा उचलावा, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा. त्याने राग धरायचा नाही. मयतीच्या घरी तर म्तानीला मानच असतो. रडणाऱ्यांना हसवायचं, मेलेल्याची नक्कल करायची, आणि शेवटी निघालेल्या जनाज्यासमोर आडवं पडायचं. हातात काहीतरी पडल्याशिवाय म्तानी उठत नाही, आणि पडलं की क्षणभरही थांबत नाही. तो नियम कुणी मोडल्याचं मी तोवर ऐकलंसुद्धा नव्हतं.

मी ताबोराजवळची, मधवाल्यांच्या घरातली. मधाचे डबे घेऊन दार-एस-सलामला चुलतबहिणीकडे आले होते. डबे खपले आणि परतीच्या गाडीला एक दिवस उरला, तेव्हा बहिणीची शेजारीण तातू म्हणाली, चल, तुला माझं माहेर दाखवते, बागामोयो. मी एका पायावर तयार झाले. जन्मापासून नाव ऐकत आलेलं गाव. आमच्याकडचे तांडे महिनोन्‌महिने चालत तिथे जायचे आणि समुद्राकाठी ओझी उतरवायचे. काही माघारी यायचे, काही नाही.

घरून निघताना आईने एकच गोष्ट सांगितली होती. "समुद्राकडे चाललीस, तर माणसांचे पाय बघत जा."

पाय कशाला, तर माझा धाकटा भाऊ मिहायो. आमच्याकडे मधमाश्यांसाठी पोकळ ओंडके उंच झाडांवर टांगतात. पोर असताना तो अशाच एका झाडावरून पडला आणि त्याचा डावा पाय कायमचा बाहेर फाकला. चार पावलं टाकली की एक छोटी उडी, अशी त्याची चाल. मिसरूड फुटायच्या वयात त्याच्या हातून धुराची मशाल निसटली. रान वाळलेलं होतं. बापाचे सगळेच्या सगळे ओंडके माश्यांसकट जळाले. मिहायो त्याच दिवशी घरातून पळाला तो पळालाच. तीसेक वर्षं झाली. आधी बापाने शिव्या दिल्या, मग शोध केला, मग वाट बघत बघत तो गेला. आई अजून दर हंगामात पोळ्याचा पहिला तुकडा मिहायोच्या नावाने वाडग्याखाली झाकून ठेवते. तो मेला म्हणून कधी रडायला बसलो नाही, आणि जिवंत आहे म्हणून कधी हसलो नाही. मी तर त्याची आशा केव्हाच सोडली होती. पाय बघायची सवय मात्र सुटली नव्हती.

बागामोयोला उतरलो आणि गल्लीच्या टोकाला समुद्र दिसला. माझ्या तोंडाचा आ झाला. इतकं पाणी! मी चूळ भरून बघितली आणि थुंकले.

"तुम्हाला देवाने बरोबर ओळखलंय," मी तातूला म्हणाले. "गावभर पाणी दिलं, पण विहीर खणायचं काम काही चुकवलं नाही."

"पी पी, अजून पी. तुझ्या रानात एवढं पाणी असतं तर तुम्ही ते डोक्यावर घेऊन विकायला निघाला असता."

जुन्या किल्ल्यात गेलो. तिथे खाली एक खोली आहे, खिडकी नसलेली. होड्यांत कोंबायच्या आधी गुलाम केलेल्या माणसांना तिथे ठेवत, असं तातूची आजी सांगायची. मी भिंतीला हात लावला. भिंत ओली होती. तातूने माझ्या खांद्यावरून डोकावलं. "बघ, तुझ्या आज्याने कुठे नाव कोरलंय का."

"त्याला लिहिता येत नव्हतं."

"माझ्या आज्याला येत होतं. त्याने कोरूनही दिलं असतं, पण तो झोपला होता."

मग आम्ही गल्ल्यागल्ल्यांतून फिरलो. नक्षीच्या दारांखाली म्हातारे आल्याची काळी कॉफी पीत बसले होते. मी दारं बघितली आणि म्हाताऱ्यांचे पायही बघितले. मासळीबाजारात तळलेल्या माशाचा तुकडा तातूच्या हातातून हिसकावून खाल्ला. पुढे वाळूवर एक मोठी होडी अर्धवट बांधून उभी होती. फळ्या लावलेल्या, खिळे ठोकलेले, करवत तशीच पडलेली, आणि माणूस एकही नाही.

"तुमच्या लोकांचं काम हे असंच," मी म्हणाले. "अर्ध्यात डुलकी."

जाळं विणणाऱ्या कोळ्याने मान वर केली. "बाई, सुतार गेला आज पहाटे. सालुम. झोपेतच गेला."

तातूने कपाळावर हात मारला. "सालुम? झुहुराचा नवरा? अगं, झुहुरा माझी मावसबहीण!" आणि माझा दंड धरून ओढलंच तिने. "चल. मला जायलाच हवं. आणि तूही ये. सकाळपासून रडतायत बिचाऱ्या, घरात एकही म्तानी नसेल. तू हसव त्यांना."

मी का नाही म्हणू? तो आमचा धर्मच. खरं सांगायचं तर माझ्या अंगात तेव्हा वारं संचारलं होतं. आमच्या भागात मयतीला मला मुद्दाम बोलावून नेतात, इतकं माझं तोंड प्रसिद्ध आहे.

अंगणात पुरुष बसले होते, आत बायका. झुहुरा मधोमध, कांग्याचं छापील कापड कपाळापर्यंत ओढून घेतलेली. तातू तिच्या गळ्यात पडून रडली, नाक पुसलं, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "न्यामवेझी आणलीय!" म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत लगेच चमक आली.

"कोण मेलं?" मी दारातूनच विचारलं. "सुतार? एवढंच? आणि मी समजले बकरा कापलाय, म्हणून धावत आले. जेवायला मागितलं का त्याने सकाळपासून? नाही ना? मग त्याच्या वाटणीचा भात मला वाढा."

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मी खुंटीवरचा त्याचा कोट काढून अंगात घातला, टोपी डोक्यावर चढवली. कोटाला लाकडाच्या भुशाचा वास होता.

"हा आमच्या तांड्यातून पळालेला हमाल आहे," मी म्हणाले. "तुम्ही मासे चारून लपवून ठेवलात. आता मी आमचा माणूस घेऊन जाणार." हे आम्ही प्रत्येक मयतीत म्हणतो. माझ्या आईनेही म्हटलंय, तिच्या आईनेही.

"तो तिकडे दक्षिणेला लिंडीकडचा होता गं," एक म्हातारी म्हणाली. "तुझ्या गावाला कशाला येतोय!"

"कसा चालायचा तुमचा हा लिंडीवाला?" मी कमरेवर हात ठेवून ऐटीत चालून दाखवलं.

"असा नाही, असा नाही!" बायका ओरडल्या. "डावा पाय बाहेर टाक."

टाकला.

"आणखी बाहेर. आणि मधूनच उडी मारायचा."

चार पावलं टाकून मी उडी मारली. बायका टाळ्या पिटायला लागल्या. माझ्या पायांना ती चाल कुठे शोधावी लागली नाही, आणि तरी, शपथ घेऊन सांगते, तोवर माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. तोंड चाललं होतं, पाय चालले होते.

"दारात शिरताना काय करायचा ते दाखव," तातू म्हणाली. "चौकटीवर ठोकायचा आणि कान लावायचा. सुताराची खोड! होडीची फळी ठोकून बघायची सवय, ती घरातही. कलिंगडालासुद्धा कान लावायचा."

मी लंगडत दाराकडे गेले. बोटाच्या सांध्याने चौकटीवर दोनदा ठोकलं. कान टेकवला. आणि माझ्याच तोंडून निघालं, "आहेत. घरात आहेत."

बायका किंचाळल्याच. "अगदी असंच! अगदी हेच म्हणायचा! तुला कोणी सांगितलं?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या रानात ओंडक्यावर असं ठोकतात, कान लावतात, आत गुणगुण ऐकू आली की असं म्हणतात. मिहायो पोरपणी घरातल्या मडक्यांवर ठोकून असं म्हणायचा आणि आईचा मार खायचा. माझा कान चौकटीला तसाच चिकटून राहिला. अंगावरचा कोट एकदम जड झाला. हा डावा पाय. ही उडी. ज्याच्या मयतीला मी बकऱ्यासाठी धावत आले म्हणाले, ज्याच्या वाटणीचा भात मागितला, तो.

"हा माझा भाऊ आहे," मी म्हणाले.

हसण्याचा असा काही लोट उठला की अंगणातल्या पुरुषांनीही माना वळवल्या.

"खरंच सांगते. माझा सख्खा भाऊ. मिहायो. बायांनो, देवाशपथ, माझा भाऊ आहे हा!" माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी छाती बडवली. मी जमिनीवर बसले आणि आईला हाका मारल्या.

"बघा, बघा, खरं पाणी काढलं डोळ्यांतून!" म्हातारी पोट धरून म्हणाली. "अशी म्तानी जन्मात पाहिली नाही." तातू तर भिंतीला टेकून हसत होती. आणि झुहुरा, त्याची बायको, तीही कांग्यात तोंड खुपसून हसत होती. तिचे खांदे हलताना मला दिसत होते. मी रडत होते आणि घर हसत होतं. जितकी मी रडले तितकं ते जास्त हसलं. माझं खरं ते सगळं मी आधीच थट्टेत बोलून संपवलं होतं, आता बोलायला वेगळे शब्द कुठून आणू?

मी रांगत झुहुरापाशी गेले. "तो मध खायचा?"

"आता मधाचं सोंग आलं!" कोणीतरी म्हणालं.

पण झुहुराने उत्तर दिलं. "मधाचा नुसता वास आला तरी घराबाहेर निघून जायचा."

तेवढ्यात बाहेर कलम्याचा आवाज उठला. जनाजा उचलला होता. एकदा तो त्या अंगणाच्या दारातून बाहेर गेला की संपलं. कब्रस्तानात बायका जात नाहीत. आईला काय सांगू मी? तुझ्या लेकाचा कोट घालून नाचले, त्याचं तोंड मात्र बघितलं नाही?

मी धावले. कोट घातलेली, टोपी वाकडी, अशीच जाऊन दारात जनाज्यासमोर आडवी पडले.

पुरुष थांबले. थांबणारच, तो नियम आहे. झुहुराचे चुलते किब्वाना पुढे आले, पांढरी दाढी, डोळे सुजलेले, पण ओठांवर हसू. "आली का म्तानी. काय हवंय तुला?"

"आजोबा, मला तोंड दाखवा त्याचं. माझा भाऊ आहे तो."

"मेलेल्याचं तोंड बघून काय करशील, बये? याचं बघ." त्यांनी कोणाकडून तरी एक तांबडा कोंबडा मागवला, पाय बांधलेला, आणि माझ्या हातात कोंबला. "घे. कोंबडा आमचा, माणूसही आमचा. ऊठ आता."

पुरुषांनी जनाजा पुन्हा खांद्यावर सरसावला. मी उठेन याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. मी उठले, आणि हातातला कोंबडा भिरकावून दिला.

तो फडफडत वाळत घातलेल्या जाळ्यावर जाऊन पडला आणि त्यात अडकून ओरडायला लागला. त्याच्याखेरीज त्या अंगणात दुसरा आवाज उरला नाही. आतून बायकांचं हसणं मधेच तुटलं. किब्वाना म्हातारबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी माणूस आहे की आणखी काही ते ठरेना. म्तानी शिव्या देतो, मेलेल्याचे कपडे घालतो, कबरीत उतरून बसतो. पण म्तानी कोंबडा परत करत नाही. असं कधी झालंच नव्हतं.

तातू दारात आली होती. तिने आपलं तोंड हाताने झाकून घेतलं. "काका," ती हळूच म्हणाली, "ही थट्टा करत नाहीये."

"परत सांग," किब्वाना म्हणाले.

"उजव्या गुडघ्याच्या मागे भाजल्याचा डाग आहे," मी म्हणाले. "तळहाताएवढा. रान पेटलं तेव्हाचा. मी स्वतः त्याला मध लावला होता, आणि मध लावून माझं होतंय न होतंय तोच तो पळाला."

सगळ्यांच्या नजरा एका बुटक्या म्हाताऱ्याकडे गेल्या. त्यानेच मयताला आंघोळ घातली होती. त्याने ओठ ओले केले. "आहे," तो म्हणाला. "डाग आहे. मी पाणी ओतलंय त्याच्यावर."

कोणीतरी "या अल्ला" म्हणालं. जनाज्याचा एक दांडा खांद्यावरून निसटता निसटता राहिला.

"बहीण असेल तर तोंड बघायचा तिचा हक्क आहे," किब्वाना म्हणाले. "खाली ठेवा."

कफन चेहऱ्यावरून बाजूला केलं. मी ज्याला शोधत होते तो मिसरूड फुटलेला पोरगा होता. तिथे माझा बाप झोपला होता, दाढी पिकलेला. मला क्षणभर राग आला, इतका, की मी त्याला मारलंच असतं. गाढवा, तेवढेच नवे ओंडके बापाने पुढच्या दोन हंगामांत टांगले होते! माश्या परत आल्या होत्या. तू तेवढा आला नाहीस.

झुहुरा माझ्या शेजारी येऊन बसली होती. ती रडत नव्हती. "न्यामवेझी लोक बाजारात आले की हा मागच्या दाराने निघून जायचा," ती म्हणाली. "मी हसायचे. म्हणायचे, घाबरतोस काय त्यांना, म्तानीच ते, खातील का तुला?" मग तिने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणालीस त्याचं नाव?"

"मिहायो."

"मिहायो," ती त्याला म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. आणि मग तिचा हंबरडा फुटला, आणि माझाही, आणि या वेळी कोणी हसलं नाही. तेही मला सहन होईना. आईने झाकून ठेवलेलं ते वाडगं आता मला उचलावं लागणार होतं.

चेहरा झाकला. पुरुषांनी जनाजा उचलला. ते दोन पावलं चालले असतील, तोच तातू पुढे आली. तिने माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, स्वतःच्या डोक्यावर घातली, आणि दारात पाय फाकून उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"अस्सं!" ती ओरडली. "म्हणजे हमाल होतास तर! इतकी वर्षं आमचे मासे खाल्लेस, आमची पोरगी पटकावलीस, लिंडीच्या थापा मारून आम्हाला बनवलंस, आणि आता चोरासारखा निघालास? ती होडी कोण पुरी करणार, तुझा आजा? तो तर ओझं टाकून केव्हाच पळाला! नाही सोडणार मी. न्यामवेझीला फुकट सोडेन तर झारामोची अवलाद नाही मी!" आणि ती सपशेल आडवी पडली, वाळूत, जनाज्यासमोर.

कोणीतरी हसलं. रडत रडत हसलं. मग किब्वाना म्हातारबाही. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ते का बघतायत हे मला कळायला वेळ लागला. इतका वेळ मी या घरची म्तानी होते. आता मेलेला आमचा होता, आणि म्तानी ते होते. थट्टा करायचा हक्क त्यांचा, आणि म्तानीच्या हातात काही ठेवून मेलेल्याची वाट मोकळी करून द्यायची ती त्याच्या माणसांनी. त्या अख्ख्या गावात त्याचं रक्ताचं माणूस म्हणून मी एकटी होते.

किब्वानांनी जाळ्यात गुरफटलेला कोंबडा सोडवला, त्याची पिसं नीट केली आणि पुन्हा माझ्या हातात दिला. या वेळी ते हसले नाहीत. "तुझ्या भावासाठी," ते म्हणाले.

मी तातूपाशी गेले आणि वाकून कोंबडा तिच्या हातात ठेवला. "घे गं, नारळखाऊ," मी म्हणाले. "जाऊ दे त्याला."

तातूने कोंबडा घट्ट धरला, उठली, आणि वाटेतून बाजूला झाली.